चालू आहे ना? मग हात लावू नका!

मराठवाड्यात यंत्राच्या अवस्था दोनच. चालू आणि बंद. बंद असेल तर पिन काढून, फुंकून परत लावायची; तरी नाही जमलं तर बाजूनं एक थाप. चालू असेल तर मात्र त्याच्या वाटेला जायचं नाही. झाकण उघडायचं नाही, धूळ झटकायची नाही, वर ठेवलेला उदबत्तीचा पुडासुद्धा हलवायचा नाही. न जाणो, त्या पुड्यामुळंच चालू असलं तर?

या दोन अवस्थांच्या मधे शिकल्या-सवरल्या लोकांनी एक तिसरी आणून घुसवली आहे. अपडेट. म्हणजे यंत्र चालू आहे, बरं चालू आहे, कुणाची तक्रार नाही, तरीही ते बंद करून परत चालू करायचं. हे ऐकल्यावर आमच्याकडचा शहाणा माणूस समोरच्याकडे ज्या नजरेनं बघतो ती नजर माझ्या चांगल्या ओळखीची आहे, कारण माझं पोटच अपडेटवर चालतं. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या दूध संकलन केंद्रांवर वजन, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) मोजून पावती काढणारी यंत्रं असतात. त्यांतल्या काहींच्या पोटात तळहाताएवढा बोर्ड असतो, बोर्डात लिनक्स असतं आणि त्या लिनक्सला ताजं ठेवणं हे माझं काम. गावोगावी माझी ओळख 'सॉफ्टवेअर मारणारा' अशी आहे. मारणारा आला म्हटलं की डेअरीचे चेअरमन आधी यंत्राच्या आणि माझ्या मधे येऊन उभे राहतात.

लिनक्स म्हणजे काय हे समजावून सांगण्याच्या भानगडीत मी पडत नाही. एकदा एका आजोबांनी विचारलं होतं, "ह्ये लिनक्स कुठल्या गावचं?" हेलसिंकीचं, म्हणालो. "लई लांबचं हाय की," म्हणाले आणि आदरानं जरा मागं सरकले. २५ ऑगस्ट १९९१ला लिनस टॉरवल्ड्स नावाच्या तिथल्या एका विद्यार्थ्यानं जाहीर केलं, की आपण छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहितो आहोत, फार मोठं काही होणार नाही. तो छंद आज घराघरात शिरलाय. वायफायचा राउटर घ्या, सीसीटीव्हीचा डीव्हीआर घ्या, बहुतेक सेट-टॉप बॉक्स आणि स्मार्ट टीव्ही घ्या, आत लिनक्सच. एसटीच्या कंडक्टरच्या हातातलं नवं तिकीट यंत्र अँड्रॉइडवर चालतं आणि अँड्रॉइडच्या बुडाशी लिनक्स असतं. साध्या चौकोनी घरात माणसं चार आणि लिनक्स पाच, असं प्रमाण सहज पडतं. यांतल्या माणसांना निदान ताप आला की कळतं तरी. लिनक्सला काय झालंय हे कुणी विचारत नाही, कारण डब्यावरचा हिरवा दिवा लागलेला असतो आणि हिरवा दिवा म्हणजे सगळं ठीक, अशी आमची श्रद्धा.

ही श्रद्धा किती महागात पडते याचं उदाहरण जगानं २०१६ साली पाहिलं. त्या वर्षी 'मिराय' नावाचा एक प्रोग्राम इंटरनेटवर फिरत होता. तो काही फार अक्कल चालवत नव्हता. दिसेल त्या कॅमेऱ्याचं, डीव्हीआरचं, राउटरचं दार ठोठवायचा आणि कारखान्यातून येतानाच लावलेले साठेक नाव-पासवर्ड ओळीनं म्हणून बघायचा. अ‍ॅडमिन, अ‍ॅडमिन. रूट, रूट. दार उघडलं की डबा त्याचा. अशा डब्यांची फौज जमवून २१ ऑक्टोबर २०१६ला इंटरनेटवरचे पत्ते सांगणाऱ्या, अमेरिकेतल्या डाइन नावाच्या कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी बडी नावं काही तास आडवी झाली. पुढं तपासात हा प्रोग्राम लिहिणारी तीन तरुण पोरं निघाली. आपल्याकडं सोसायटीच्या कॅमेऱ्याला जिन्यातला चप्पलचोर दिसत नाही, पण त्याच जातीचा कॅमेरा तिकडं अमेरिका बंद पाडू शकतो, हे पटायला जरा वेळ लागतो.

अशा उघड्या दारांना कडी लावायची म्हणजे अपडेट करायचं. पण करायचं कुणी? लॅपटॉपला मालक असतो, तो रोज समोर बसतो, 'नंतर आठवण करा' हे बटण इमानेइतबारे दाबतो. डीव्हीआरला असं कुणी नसतं. तो माळ्यावर, पालीच्या शेजारी, मे महिन्याच्या उकाड्यात पत्र्याखाली धगधगत पडलेला असतो. बसवून देणारा पोरगा पुण्याला नोकरीला लागलेला असतो. डब्यावर ज्या कंपनीचं नाव आहे तिनं डबा बनवलेला नसतो, ज्यानं बनवलाय त्यानं नाव लावलेलं नसतं. दुकानदाराची गॅरंटी 'चले तो चाँद तक' या जुन्या तत्त्वावर आधारलेली. युरोपानं याला कंटाळून कायदाच केला: २०२४ अखेर तो अमलात आला आणि डिसेंबर २०२७पासून असला माल बनवून विकणाऱ्याला साधारणपणे किमान ५ वर्षं सुरक्षेचे अपडेट द्यावे लागतील. भारतातही एप्रिल २०२५पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना विक्रीआधी सुरक्षेची चाचणी बंधनकारक झाली. पण कायद्याच्या आधी जे डबे माळ्यावर चढले, ते तिथंच आहेत. ते कुणी खाली काढणार नाही. चालू आहेत ना!

आता आमच्या दुधाच्या यंत्राकडं येतो.

सकाळचे सहा. केंद्रासमोर कॅन, किटल्या, बरण्यांची रांग. या भागात गोधनाचा अभिमान मोठा. लाल कंधारी ही जात नांदेड जिल्ह्यातल्या कंधारची, देवणी ही लातूर जिल्ह्यातल्या देवणीची. कुणाची गाय सरस यावर रांगेत रोज परिसंवाद होतो आणि मग दोघंही म्हशीचं दूध घालून घरी जातात. एके दिवशी पहिला कॅन वजनावर चढला आणि पडद्यावर अक्षरं आली: 'अपडेट होत आहे. कृपया मशीन बंद करू नका.'

"काय झालं रं?"

"अपडेट होऊलालंय."

"किती झालं?"

"अडतीस."

मागं उभ्या असलेल्यांना फक्त शेवटचा शब्द ऐकू गेला. म्हशीची फॅट सहा-सातच्या घरात लागते. आज कुणाला तरी अडतीस लागली, ही बातमी कॅनच्या रांगेतून चहाच्या टपरीपर्यंत आणि तिथून शेजारच्या वाडीत गेली. त्या म्हशीला काय चारता, हे विचारायला एक जण मोटारसायकलवरून आला. इकडं टक्का अडतीसवरून हलेना. दूध उन्हाच्या आत टँकरमध्ये जायला हवं, नाहीतर फाटतं. सचिव हातानं लिहायला वही शोधू लागले. शेवटी चेअरमननी निर्णय घेतला, "काढा पिन."

"सायेब, बंद करू नका मनून लिवलंय."

"लिवणारा दूध घालतो का हितं?"

पिन निघाली.

आता हे यंत्र नेमक्या सहाच्या ठोक्याला का अपडेट व्हायला बसलं, याची चौकशी झाली. तर कारण अगदी निष्पाप होतं. कुण्या विचारी माणसानं वेळ ठरवताना लिहिलं होतं, रात्री साडेबारा. म्हणजे कुणाला त्रास नको. फक्त ते साडेबारा ग्रिनिचचे होते. ग्रिनिचमध्ये मध्यरात्र उलटून अर्धा तास होतो तेव्हा आपल्याकडं बरोब्बर सकाळचे सहा वाजतात. जगभरच्या यंत्रांना एकच घड्याळ असावं, हा विचार थोर आहे. फक्त त्या घड्याळाला म्हशीच्या धारेची वेळ ठाऊक नसते.

अर्ध्यात पिन काढली की काय होतं? जुन्या पद्धतीत यंत्र जुन्या सॉफ्टवेअरच्या अंगावरच नवं लिहीत जायचं. अडतीस टक्क्यांना लाईट गेली, की अडतीस टक्के नवं आणि बासष्ट टक्के जुनं. दोघांचं एकमेकांशी पटत नाही, यंत्र उठतच नाही. मोबाइल दुरुस्तीवाले याला 'डेड' म्हणतात आणि मान हलवून बोर्ड बदलायला सांगतात. आमच्याकडं तर चेअरमनची गरजही नाही. शेतीच्या लाईनला लाईट आठ तास, तीही आठवड्याला पाळी बदलून. गावठाणाची लाईट कधी जाईल याचा नेम नाही. डीपी जळाली तर चार दिवस. मोठ्या कंपन्यांच्या प्रयोगशाळेत अपडेट सुरू असताना मुद्दाम वीज तोडणारं खास यंत्र लावतात, शेकडो वेळा तोडून बघतात, मग म्हणतात माल पक्का. आम्हाला ही सोय फुकटात आहे. अहमदपूर ते लोहा या पट्ट्यात जे अपडेट पावसाळाभर टिकलं ते जगात कुठंही टिकेल. परदेशी कंपन्यांनी इथं येऊन भाड्यानं खोली घ्यावी आणि खुशाल आपले डबे तपासावेत.

यावर उपाय निघालाय, आणि तो चांगला आहे. साठवणीच्या जागेचे दोन सारखे भाग करायचे. एकात चालू सॉफ्टवेअर, दुसरा राखीव. नवं आलं की राखीव भागात उतरवून घ्यायचं, चालूला धक्का नाही. पूर्ण उतरलं, तपासलं, की मगच यंत्राला सांगायचं, आता पुढच्या वेळी त्या भागातून ऊठ. सुरुवातीला जागा होणारा एक छोटा प्रोग्राम असतो, बऱ्याच बोर्डांवर यू-बूट नावाचा. तो नव्या भागाला ठरवून दिलेल्या वेळा, समजा तीनदा, उठवून बघतो. तीनदा हाका मारूनही नाही उठला, की मुकाट्यानं जुन्या भागावर परत येतो. उठला, पण मधेच अडकून बसला, तर वॉचडॉग नावाचं एक वेगळं घड्याळ असतं. त्याला ठराविक वेळात 'मी जिवंत आहे' असा निरोप नाही गेला, की ते सगळं बंद करून नव्यानं चालू करतं. मेंडर, राउक, एसडब्ल्यूअपडेट ही असली कामं करणारी मोकळ्या परवान्याची तयार साधनं आहेत.

हे सगळं मी एका संचालक मंडळापुढं चांगलं रंगवून सांगितलं. फळ्यावर चौकोन काढले, बाण काढले. एक संचालक शेवटपर्यंत सुपारी कातरत ऐकत होते.

"म्हंजी, नवी मोटार पाणी वडंस्तोर जुनी भंगारात घालायची न्हाई. असंच ना?"

"अगदी असंच, मामा."

"मग एवढा टाईम काय सांगूलालाव?"

तेव्हापासून मी फळ्यावर काही काढत नाही, मामांची मोटार सांगतो आणि चहा घेतो.

पण मोटारीनं सुटत नाहीत असे प्रश्न आहेत. त्यातला सगळ्यात मजेचा घड्याळाचा. बोर्डावर घड्याळ चालू ठेवायला एक बटणाएवढा सेल लागतो. खर्च वाचवायला पुष्कळ बोर्डांवर तो घालतच नाहीत. मग लाईट जाऊन आली, की यंत्राला किती वाजले, कोणतं साल, काही आठवत नाही. ते आपल्या जातीच्या मूळपुरुषाकडं जातं आणि म्हणतं, आज १ जानेवारी १९७०. युनिक्स घराण्यात काळ तिथून मोजायला सुरुवात होते. आपल्या घड्याळानं त्या दिवशी पहाटे साडेपाच वाजता. लातूरच्या बाजूला असं यंत्र झोपेतून उठतं तेव्हा त्याच्या हिशेबानं लातूर हा जिल्हाच नसतो. तो उस्मानाबादेतून निघाला १९८२ साली. म्हणजे लाईट गेली की आमची यंत्रं तालुकाच काय, जिल्हाही बदलून बसतात.

अशा अवस्थेत एका यंत्रानं एकदा पावत्या छापल्या. एक गृहस्थ पावती घेऊन आले, "माझा जलम चौऱ्याहत्तरचा. ह्ये दूध कुणी घातलं?"

पावतीचं एक वेळ हातानं दुरुस्त होतं. पंचाईत पुढं आहे. अपडेट आणायला यंत्र सर्व्हरकडं जातं. सर्व्हर आपलं ओळखपत्र दाखवतो. त्यावर लिहिलेलं असतं, अमुक तारखेपासून वैध. १९७० सालात बसलेलं यंत्र ते पत्र नीट वाचतं आणि बाणेदारपणे सांगतं, हे अजून पन्नासहून जास्त वर्षांनी वैध होणार आहे, मला चालणार नाही. कागदपत्रांची इतकी कडक छाननी मी तरी दुसरीकडं कुठं अनुभवलेली नाही. आधी नेटवरून वेळ मागून घे आणि मगच सर्व्हरकडं जा, एवढी शिस्त लावली की हे सुटतं. पण वेळ मागायला नेट लागतं, आणि नेट म्हटलं की रेंज आली.

रेंज आमच्याकडं येते ती पाहुण्यासारखी नाही, पावसासारखी: वाट बघायची, आली तर आपली. डोंगराकडच्या केंद्रांवर ती टाकीवर चढल्यावर सापडते, आणि यंत्र टाकीवर चढत नाही. मग अपडेट पेन ड्राइव्हवर जातं. नांदेडच्या स्टँडवर ओळखीच्या ड्रायव्हरकडं पाकीट द्यायचं, लोह्याला नाहीतर चाकूरला कुणीतरी उतरवून घेतं. बाहेरच्यांना याचं हसू येतं. लातूरनं २०१६च्या उन्हाळ्यात पिण्याचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आणून प्यायलं आहे. अपडेट एसटीनं येतं याचं त्या शहराला काय नवल!

पेन ड्राइव्हची गंमत अशी, की तो रिकामा कधीच पोचत नाही. मी त्यात एक फाइल घालून देतो, पोचेपर्यंत तिच्या सोबतीला भाच्याच्या लग्नाचा व्हिडिओ, दोन दक्षिणी सिनेमे, आणि कुठलातरी व्हायरस जमलेला असतो. म्हणून अपडेटच्या फाइलवर डिजिटल सही लागते. यंत्राजवळ त्या सहीचा नमुना आधीपासून असतो. सही जुळली नाही तर ते फाइलला शिवत नाही, मग ती खुद्द चेअरमननी आणलेली असो. लग्नाचा व्हिडिओ बसवायचा प्रयत्न एका केंद्रावर झालाय. यंत्रानं ठाम नकार दिला. दूध संघाच्या कारभारात न जुळणाऱ्या सहीला नाही म्हणणारा तो पहिलाच सदस्य असावा, असं सचिव मला हळूच म्हणाले.

एवढं सगळं जमलं तरी खरी परीक्षा पुढंच. अपडेट सगळीकडं एकदम सोडायचं नसतं. आधी पाच-दहा यंत्रांवर, दोन दिवस वाट बघायची, बरं चाललं तर आणखी काहींवर, मग बाकीच्यांवर. चूक असली तर थोडक्यात कळावी, हा हेतू. जगात सगळीकडं असंच करतात. पण जगात सगळीकडं नांदेड आणि लातूर शेजारी नसतात.

या दोन जिल्ह्यांनी मिळून राज्याला चार मुख्यमंत्री दिले. नांदेडचे शंकरराव चव्हाण आणि अशोक चव्हाण, लातूरचे शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि विलासराव देशमुख. दोन-दोन, बरोबरी. त्यामुळं दुसऱ्या कोणत्याही गोष्टीत बरोबरी मान्य नाही. नवं महसूल आयुक्तालय नांदेडला की लातूरला, हा वाद २००९पासून गाजतोय. मुंबई-लातूर एक्स्प्रेस २०१७ साली बिदरपर्यंत वाढवली तेव्हा लातूरकरांनी आंदोलन करून जे मागितलं त्याला आमच्या धंद्यात रोलबॅक, म्हणजे आधी होतं त्यावर परत जाणं, म्हणतात. अशा मातीत मी विचारतो, की अपडेट आधी कुठं सोडू?

पहिल्या दिवशी उत्तर सोपं असतं. लातूरवाले म्हणतात, नांदेडला सोडा. नांदेडवाले म्हणतात, छे, लातूर हुशार जिल्हा, दहावी-बारावीचा लातूर पॅटर्न राज्यभर गाजला, तिथंच आधी सोडा. "आमच्यावर प्रयोग करूलालाव का?" हा सवाल दोन्हीकडून येतो. कसंबसं एका तालुक्याला पटवून तिथं सोडलं. दोन दिवसांत बातमी फुटते, की तिथली पावती आता मराठीत निघते आणि मोबाइलवर पण येते. तिसऱ्या दिवशी तेच दोन्हीकडचे लोक फोनवर: "आमाला मुद्दाम मागं ठेवलं." एका गावात तर शिष्टमंडळ यायचं ठरलं होतं. आधी नको म्हणालात ना, असं विचारलं तर उत्तर मिळालं, "तवा चांगलं हाय मनून कुणी सांगितलं हुतं?"

याला उत्तर नाही. कारण तो माणूस खरं बोलत होता. 'काही त्रुटी दूर केल्या, कार्यक्षमता सुधारली' एवढ्यावर कंपन्या अपडेट खपवतात. कोणती त्रुटी? कुणाची कार्यक्षमता? दूध घालणाऱ्याला त्यातून काय मिळणार? इकडं 'हात लावू नका' म्हणणारा माणूस अडाणी नसतो. त्यानं आजवर जी जी सुधारणा पाहिली तिच्यात आधी काहीतरी बंद पडलेलं असतं, आणि चालू कधी होईल हे सांगणारा जाग्यावर नसतो.

आणि गंमत बघा, या म्हणण्याला फार वरून दुजोरा मिळालेला आहे. थेट मंगळावरून. फेब्रुवारी २०२१मध्ये नासाची पर्सिव्हिअरन्स गाडी मंगळावर उतरली. तिच्या पोटाशी इन्जेन्युइटी नावाचं छोटं हेलिकॉप्टर होतं. त्यात लिनक्स. ९ एप्रिलला पंखे वेगानं फिरवायची चाचणी सुरू झाली आणि मधेच वॉचडॉगनं ती थांबवली. तोच, आमच्या दुधाच्या यंत्रातला जातभाई. हेलिकॉप्टर तेव्हा पृथ्वीपासून २५ कोटी किलोमीटरहून दूर, पिन काढून परत लावायला माणूस नाही. नासाच्या लोकांनी दोन वाटा काढल्या. एक, दुरुस्त केलेलं नवं सॉफ्टवेअर पाठवून जुनं बदलायचं. दुसरी, सॉफ्टवेअरला हातच लावायचा नाही. फक्त पाठवायच्या आज्ञांची वेळ किंचित बदलायची. दुसऱ्या वाटेनं साधारण ८५ टक्के वेळा काम होईल असा त्यांचा अंदाज होता. चालू यंत्रात कमीत कमी ढवळाढवळ होते म्हणून त्यांनी दुसरी वाट धरली. १९ एप्रिल २०२१ला हेलिकॉप्टर उडालं. दुसऱ्या ग्रहावरचं पहिलं इंजिनाचं उड्डाण 'चालू आहे ना, मग हात लावू नका' या तत्त्वावर झालं.

हे मी गावात सांगायला लागलो तेव्हा माझाच धंदा बसायची वेळ आली. "बगा, नासा बी तेच मनूलाली!" पण मी गोष्टीचा उरलेला अर्धा भागही सांगतो. नासानं हात लावला नाही खरं, पण हात लावायची तयारी पुरी ठेवली होती. नवं सॉफ्टवेअर तपासून तयार होतं. बिघाड कशामुळं झाला ते ठाऊक होतं. ८५ टक्क्यांचा डाव फसला तर दुसऱ्या दिवशी काय करायचं ते ठरलेलं होतं. हात लावायचा नाही, हा त्यांनी घेतलेला निर्णय होता. माळ्यावरच्या डीव्हीआरच्या बाबतीत आपण निर्णय घेत नाही. तो तिथं आहे हेच विसरतो आणि त्या विसरण्याला शहाणपण म्हणतो. दोघांच्याही यंत्राला कुणी हात लावलेला नसतो, बाहेरून बघणाऱ्याला फरक दिसत नाही. तो कळतो बिघडल्यावर. नासाकडं वही असते. आपल्याकडं बसवून देणाऱ्या पोराचा जुना मोबाइल नंबर असतो, आणि तो लागत नाही.

म्हणून मी आता अपडेट घेऊन गेलो की चेअरमनशी तीनच गोष्टी बोलतो. यानं तुमचं काय सुधारेल. बिघडलं तर आपोआप कसं मागं येईल. आणि नाहीच आलं, तर कुणाला फोन करायचा. हे तीन सांगितले की ते यंत्राच्या आणि माझ्या मधून बाजूला होतात. पूर्ण नाही, पण हात जाईल एवढे होतात.

परवा एका केंद्रावर मी त्यांना पुढची मोठी तारीख सांगितली. १९ जानेवारी २०३८, मंगळवार, सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. जुन्या ३२ बिटांच्या यंत्रांत १९७०पासूनचे सेकंद मोजायची जागा त्या क्षणी भरते, आणि पुढच्या सेकंदाला ती यंत्रं उलटी होऊन डिसेंबर १९०१मध्ये जातात. लिनक्समध्ये याचा बंदोबस्त २०२०च्या ५.६ आवृत्तीत झालेला आहे. फक्त ती किंवा तिच्यानंतरची आवृत्ती, आणि तिला साजेसं बाकीचं सॉफ्टवेअर, त्या त्या डब्यापर्यंत कुणीतरी न्यायला हवं. नाही नेलं, तर १७ सप्टेंबर १९४८ला निजामाच्या राजवटीतून सुटलेल्या मराठवाड्यातली यंत्रं एका सकाळी सगळ्यांच्या देखत परत सहाव्या निजामाच्या राज्यात दाखल होतील.

चेअरमननी हे सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं. थोडा वेळ हिशेब केला.

"मग दुधाचं बिल निजामाच्या हाली शिक्क्यात येणार का?"

"यायला नको म्हणूनच तर अपडेट."

त्यांनी वही उघडली. तारीख लिहून घेतली, वारासकट. मग म्हणाले, "संक्रांतीच्या आधी यून जा. वर्साच्या सुरवातीला काम हलकं असतंय." मी निघालो तसं मागून ओरडून एक दुरुस्तीही सुचवली, "आन् दुधाचा टाईम सोडून या!"